पाहुण्यांसाठी धुतलेली विहीर

थोरलीच्या लाँड्रीत पांढऱ्या रंगाला जो मान होता तो घरातल्या पुरुषांनाही नव्हता. पुरुषांची त्यावर तक्रार असेलही, पण ती त्यांनी कधी मोठ्याने केली नाही. दवाखान्याच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, कुठल्या कुठल्या हॉलचे पडदे असं सगळं मागच्या अंगणात दोऱ्यांवर पसरलं की थोरली कमरेवर हात ठेवून मधून फेरी मारायची. कुठे नखाएवढा डाग दिसला की चादर परत हौदात आणि धुणारी थोरलीच्या तोंडात. शाळा तिने दुसरीतच सोडली होती. मास्तरांची कॉलर मळकी असायची, अशा माणसाकडून शिकण्यासारखं काय असणार, असं ती सांगायची. खरं कारण विचारायची कोणाची छाती नव्हती.

अशा घरात एका सकाळी विसळायच्या हौदातून दवाखान्याची चादर बाहेर काढली, तर तिच्या मधोमध लालभडक धागा चिकटलेला.

थोरलीचा पारा सरसर चढला. "पांढऱ्यात रंगीत कोणी टाकलं? आत्ता सांगा. ज्याने टाकलं त्याला मी याच हौदात भिजत घालते, वरून नीळ लावून!"

धुणाऱ्या एकमेकींच्या हातांकडे बघू लागल्या. मग तो धागाच हलला.

"अगं बाई, गांडूळ!" थोरली दोन पावलं मागे सरकली आणि लगेच आवाज खाली आणला, कारण पुढच्या दारात गिऱ्हाईक उभं होतं.

तेवढ्यात नात धावत आली. ही थोरलीच्या लेकाची लेक. मोठ्या शहरात राहून माशांचं शिकत होती आणि सुटीला घरी आली होती. घरात तिला टिटवी म्हणत, कारण ती एकदा सुरू झाली की आसपास कोणाला झोप लागत नसे. टिटवीने चादरीवर नाक टेकवलं, श्वास रोखला आणि किंचाळली, "आजी, हा मासा आहे!"

"हा मासा? मग मी मगर आहे."

"बाई, हे तुम्हीच म्हणालात हं," इस्त्रीवाला आतून म्हणाला. तो थोरलीच्या लग्नाआधीपासून या घरात इस्त्री करत होता. एवढं बोलायची मुभा त्याला होती, आणि नसती तरी तो बोलला असता.

टिटवीने तो जीव हलकेच काचेच्या बरणीत सोडला. बोटाच्या पेराहून जरासा लांब. अंगातलं रक्त कातडीतून दिसावं असा लाल. तोंडाशी मिशा. आणि डोळ्यांच्या जागी काही नाही. नुसती गुळगुळीत कातडी.

"डोळे कुठे गेले याचे?" थोरलीने विचारलं.

"हा जमिनीखालच्या पाण्यात राहतो, आपल्या विहिरीतून हौदात आला. दगडांच्या फटींत. तिथे मिट्ट काळोख. याचे पूर्वज कधीतरी नदीतून त्या फटींत शिरले. आपला मांगूर मासा असतो ना, पाऊस पडला की ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या डबक्यात जातो, त्याच्या भाऊबंदांपैकी असावा हा."

"आणि अंधारात न वापरून वापरून डोळे गंजले."

"नाही गं, सगळे हेच म्हणतात. वापरले नाहीत म्हणून जात नाहीत. होतं काय, एखादं पिल्लू अधू डोळ्यांचं जन्मतं. नदीत ते पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी पोटात गेलं असतं. खाली मात्र डोळस आणि अधू सारखेच. उलट डोळे पोसायला लागतं ते अन्न अधू पिल्लाचं वाचतं, ते मिशांच्या कामी येतं. अशा हजारो पिढ्या झाल्या, की राहतात ते बिनडोळ्यांचे आणि लांब मिशांचे."

"बिनडोळ्यांचे आणि लांब मिशांचे," थोरली म्हणाली. "तुझ्या आजोबांच्या घराण्यात हे काम तीन पिढ्यांत उरकलं."

पण टिटवी आता थांबणार होती थोडीच. आशिया खंडात गोड्या पाण्याचे मासे किती तऱ्हेचे आहेत हे तिने चादरी वाळत घालता घालता सगळ्यांना ऐकवलं. डोंगरातल्या ओढ्यांत असे मासे आहेत की पाण्याने वाहून जाऊ नये म्हणून त्यांचं पोटच दगडाला चिकटतं. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेतो, आणि नर-मादी दोघं मिळून पिल्लं राखतात.

"दोघं?" थोरलीने इस्त्रीवाल्याकडे आणि मग आपल्या लेकाकडे पाहिलं. "ही पद्धत अजून आमच्याकडे पोचली नाही वाटतं."

लेकाने पडद्यामागे तोंड लपवलं.

"प्रत्येक पाण्याने आपापला मासा घडवलाय, आजी. एका डोंगरात एक जात, तर पलीकडच्या डोंगरात तिची चुलत बहीण, आणि दोघी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. हा बरणीतला कदाचित अजून कोणाला माहीतही नसेल!"

बरणीतला जीव संध्याकाळपर्यंत मेला. टिटवीने तो स्पिरिटमध्ये ठेवला आणि आपल्या मॅडमना फोन लावला. ती अर्धा तास बोलली, मग अर्धा तास नुसतं ऐकलं. टिटवी ऐकते आहे हे बघायला घरातले सगळे दाराशी जमा झाले.

गोष्ट अशी होती. टिटवीने आजवर दुसऱ्यांच्या कामासाठी माशांचे खवले मोजले होते. तिचा स्वतःचा विषय नव्हता. मॅडमच्या हाताखाली पुढे शिकायला एकच जागा होती आणि तिच्यावर बेडूक अभ्यासणारा एक मुलगा डोळा लावून बसला होता. मॅडम म्हणाल्या होत्या, एक मेलेला मासा कुठल्याही नळातून येऊ शकतो. तुझ्या विहिरीत हे मासे जिवंत नांदताहेत असं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं, तर विषय तुझा आणि जागाही तुझी. परवा दुपारी येते. नाही दिसलं, तर बेडूकवाल्याला कळवावं लागेल, आता आणखी थांबता यायचं नाही.

"येऊ देत की," थोरली म्हणाली. वरवर म्हणाली. आतून तिला ते मुळीच नको होतं. बाहेरगावची शिकलेली बाई तिच्या विहिरीत वाकून बघणार आणि मिशावाले किडे शोधणार! उद्या गावभर होईल, लाँड्रीवाल्या बाईच्या पाण्यात किडे वळवळतात. आणि भिंतीपलीकडे कळलं तर?

भिंतीपलीकडे धाकटी राहायची. थोरलीच्या धाकट्या दिराची बायको. दोघी जावांनी एकेकाळी एकाच हौदात हात घालून लाँड्री चालवली होती. मग वाटण्या झाल्या, भिंत उभी राहिली, धाकटीने आपल्या बाजूला झाडांची नर्सरी काढली. तरीही दोघींचं बोलणं चालू होतं. पण एकदा धाकटी भर दुकानात गिऱ्हाइकाला म्हणाली, "जाऊबाईंच्या चादरी छानच असतात, जराशा पिवळसर असतात एवढंच." त्यानंतर थोरलीने त्या दिशेला वाळत घालायची दोरीसुद्धा बांधली नाही.

दुसऱ्या दिवशी टिटवी जाळ्या आणि बरण्या आणायला शहरात गेली. जाताना चारचारदा सांगून गेली, "आजी, विहिरीला कोणी हात लावू नका."

"हात कशाला लावतील? मी आहे ना, मी सगळं बघते."

इथेच घात झाला. थोरली सगळं बघते म्हणाली की नंतर बघण्यासारखं काही शिल्लक राहत नसे. पाहुणे यायचे म्हटल्यावर तिने आधी पुढच्या खोलीचे पडदे धुतले. मग जाजमं झाली. मग अंगण. मग तिची नजर विहिरीवर गेली. कठड्याला शेवाळ, पाण्यावर चार पानं, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. छे! मॅडमना हे दाखवायचं?

"ब्लीचिंग पावडर आण," ती इस्त्रीवाल्याला म्हणाली.

"डबाभर?" लाँड्रीच्या पाण्यासाठी दर दोन महिन्यांनी डबाभर पावडर विहिरीत पडत असे.

"पाहुणे येणारेत. गोणी आण."

"बाई, पोरगी म्हणाली होती हात लावू नका."

"हात कोण लावतंय? बादलीने टाक. आणि मासा आहे ना? मग आंघोळ घातलेला दिसू दे. आपल्या घरचा आहे, कळकट कशाला दाखवायचा?"

इस्त्रीवाल्याने मान हलवली आणि गोणी आणली. शहाण्याने बाईंशी वाद घालू नये हे तो केव्हाच शिकला होता. आता तो शहाणा होता की नुसता आळशी, हे ज्याचं त्याने ठरवावं. दुपारपर्यंत कठडा घासून झाला, पाणी असं निवळशंख झालं की तळाचा दगड मोजावा. थोरलीने वाकून पाहिलं आणि तिला आपलंच कौतुक वाटलं.

टिटवी आली ती हसत, दोन्ही हातांत पिशव्या. दारातच तिचं नाक हललं. पिशव्या खाली ठेवून ती थेट मागे गेली. विहिरीत वाकली. परत आली. पायरीवर बसली.

"कशी झाली?" थोरलीने विचारलं. "मॅडम म्हणतील काय पाणी आहे!"

टिटवी काही बोलली नाही.

"अगं, बोल की."

"ते मेले असतील, आजी," टिटवी म्हणाली. "नाहीतर फटींत दूर निघून गेले असतील. पावडरीने माशांचे कल्ले जळतात." आणि ती गप्प झाली.

ओरडली असती तर थोरलीने दुप्पट ओरडून घेतलं असतं. रडली असती तर जवळ घेतलं असतं. पण टिटवी गप्प, याच्यावर काय औषध करायचं हे थोरलीला कोणी शिकवलं नव्हतं. जेवताना गप्प. भांडी उचलताना गप्प. घर असं शांत झालं की दोरीवरचे चिमटे वाऱ्याने वाजताना ऐकू यायला लागले.

"उद्या येतील परत," थोरली म्हणाली. "चूक काय माणसाच्या हातून होत नाही? मीही पाहुण्यांसाठीच केलं. येतील मासे."

"काही महिने लागतील. कदाचित वर्ष."

"मग दुसरीकडे बघू. खाली पाणी एकच ना सगळं? तूच म्हणालीस."

"एकच आहे. दगड स्पंजासारखा आहे, सगळीकडे भोकं. पण वरून बघायला विहीर लागते, आणि या गल्लीत लोकांनी नळ आल्यावर विहिरी बुजवल्या." टिटवी थांबली. "एक सोडून."

थोरलीने भिंतीकडे पाहिलं नाही. भिंतीने मात्र तिच्याकडे पाहिलं असं तिला वाटलं.

"मी गेले होते मघाशी," टिटवी म्हणाली. "धाकटी आजी म्हणाली, विहीर मागायची तर विहिरीच्या मालकिणीशी बरोबरीचं माणूस हवं. तुझ्या आजीला पाठव."

"बरोबरीचं! ती? माझ्या?" थोरली उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. दाराला कडी नव्हती म्हणून ते परत उघडलं, तेवढाच काय तो अपमान.

सकाळी लाँड्रीची पहिली बादली तिने स्वतः ओढली. विसळायच्या हौदात पाणी ओतलं, आणि पाण्याबरोबर काहीतरी तरंगत आलं. पेराएवढं. मिशा होत्या. पण लाल राहिला नव्हता. धुतलेल्या सुतासारखा पांढराफटक पडला होता, असा की एरवी तिने धुणारीची पाठ थोपटली असती.

थोरलीने तो तळहातावर घेतला. जन्मभर तिने वस्तू पांढऱ्या केल्या. पांढरी झालेली एखादी वस्तू तिला नकोशी झाली ती ही पहिलीच. तिने तो शेवंतीच्या मुळाशी पुरला, टिटवीला सांगितलं नाही, हात पुसले आणि पुढच्या दाराने बाहेर पडली. भिंतीवरून हाक मारणं सोपं होतं. पण मागायलाच जायचं तर दारातून जावं.

धाकटी रोपांना पाणी घालत होती. थोरलीला पाहून तिच्या हातातली झारी तशीच वाहत राहिली.

"अगंबाई, थोरल्या जाऊबाई! वाट चुकलात की भिंत पडली?"

"भिंत शाबूत आहे. दारातून आले."

"दार सापडलं म्हणायचं."

"बसायला सांगणार आहेस की रोपासारखी उभीच ठेवणार?"

"रोपांना मी पाणी तरी विचारते. बसा." धाकटीने एक रिकामी कुंडी उपडी करून पुढे सरकवली. थोरली कुंडीवर बसली. जगात याहून खालचं आसन असेल असं तिला वाटलं नाही.

"अडला हरी..." ती पुटपुटली.

"म्हणा की पुढचं, गाढवाचं. थांबलात का?"

"मी काही म्हटलं नाही."

"म्हटलंत तरी चालेल. या गाढवाच्या विहिरीत अजून जीव आहेत. तुमच्यात नाहीत, असं ऐकलं."

थोरलीने ओठ दाबून धरले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण आज पीळ घेऊन बसलं तर पोरीची जागा जाणार होती. "पोरीचं काम अडलंय," ती म्हणाली. "माझ्यामुळे अडलंय. दुपारी तिच्या मॅडम येतील. तुझी विहीर लागेल."

हे ऐकायला धाकटी बहुधा बरीच वर्षं थांबली होती, पण ऐकल्यावर काय करायचं ते तिने ठरवलं नसावं. तिने झारी खाली ठेवली.

"देईन. पण मॅडम माझ्या दाराने येणार. चहा माझ्याकडे. आणि विहीर कोणाची असं विचारलं तर सांगणार मी."

थोरलीच्या डोळ्यांसमोरून तिचे धुतलेले पडदे गेले, घासलेला कठडा गेला, कपाटातून काढलेले कप गेले. "चहा तुझा," ती म्हणाली, "पण टेबलक्लॉथ माझा."

"का? माझं टेबल उघडंच बरं दिसतं."

"तुझं टेबल मी पाहिलंय."

धाकटीला हसू आलं. ते तिने खोकल्यात घातलं. "बरं, टेबलक्लॉथ तुमचा." मग एकदम तिचा चेहरा उतरला. "पण जाऊबाई, पोरगी म्हणते खाली पाणी एकच. मग तुमची गोणी माझ्याकडेही आली असेल!"

दोघी विहिरीकडे धावल्या. मग धाकटीने बादली सोडली, ओढली, आणि दोघींनी एकदमच आत नाक घातलं. डोकी आपटली.

"वास येत नाही," धाकटी म्हणाली.

"तुझं नाक खताने मेलंय. सरक." थोरलीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चुळा भरल्यासारखं फिरवलं आणि गिळलं. पावडरीची चव तिच्याइतकी कोणाला कळणार? "नाही," ती म्हणाली. "स्वच्छ आहे." मग राहवलं नाही म्हणून म्हणाली, "म्हणजे घाण आहे, पण हवी तशी."

दुपारी मॅडम आल्या. थोरलीने कल्पना केली होती चष्म्याच्या, कडक इस्त्रीच्या बाईची. आल्या त्या गुडघ्यापर्यंत चिखलाच्या बुटांत, कुठल्याशा ओढ्यातून परस्पर. थोरलीने बूट पाहिले आणि तिला गोणीभर पावडर आठवली.

टिटवीने मॅडमना सगळं खरं सांगितलं: विहीर आमची होती, ती धुतली गेली, आता बघायची ती शेजारची. कोणी धुतली ते सांगितलं नाही. इस्त्रीवाला सांगणार होता, पण थोरलीने त्याच्या पायावर पाय दिला.

पंप सुरू झाला. पाणी उपसायचं आणि नळीच्या तोंडाशी कापड धरून गाळायचं, अशी रीत. टिटवीची जाळी पाण्याच्या जोराने पहिल्या झटक्यात फाटली. टिटवीचा चेहरा पडला. थोरली काही न बोलता भिंतीला वळसा घालून घरी गेली आणि दवाखान्याची नवीकोरी चादर घेऊन आली. एक टोक तिने धरलं.

"बघतेस काय? धर दुसरं," ती धाकटीला म्हणाली.

"ओलं कापड नीट धरायला येतं का तुम्हाला, की नुसतं ओरडायला?"

"हात आवळ. अशी ढिली धरतेस म्हणून तुझ्या चादरी कधी स्वच्छ निघाल्या नाहीत."

"अगं, धरा गं नीट," मॅडम म्हणाल्या, आणि दोघी जावांनी मॅडमकडे अशा नजरेने पाहिलं की मॅडम मागे सरकल्या.

चादरीवर आधी गाळ आला. मग मुळं. एक गोगलगाय. मग नुसताच गाळ. पाणी खाली खाली चाललं. टिटवी गुडघ्यांवर बसून बोटांनी गाळ चाळत होती आणि अजूनही गप्प होती. मॅडमनी एकदा घड्याळ पाहिलं. ते थोरलीने पाहिलं. तिच्या खांद्यांत कळा आल्या होत्या, पण ती चादर सोडणार नव्हती. बेडूकवाला तिला डोळ्यांसमोर दिसत होता. बेडकासारखाच दिसत होता.

मग पंप घरघरला, पाणी गढूळ झालं, आणि चादरीच्या खोलग्यात एक लाल रेघ वळवळली.

"आजी," टिटवी म्हणाली. "आजी आजी आजी."

"दोन आजी आहेत इथे. कुठली?" धाकटीने विचारलं.

दुसरी रेघ आली. तिसरी. आणि मग दोन अगदी बारीक, केसाएवढी, पिल्लं. मॅडम चिखलात बसल्याच. पिल्लं दिसल्यावर त्या लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या. पिल्लं म्हणजे वाहत आलेला एकटादुकटा नाही, इथे संसार आहे. त्यांनी भिंगातून पाहिलं, मिशा बघितल्या, टिटवीला काहीतरी विचारलं. मग टिटवी जी सुरू झाली ती त्यांना थांबवता येईना.

"नदीतल्या भाऊबंदांपासून हे तुटले त्याला लाखो वर्षं झाली असतील," मॅडम म्हणाल्या. "इतक्या काळात एकमेकांची गाठसुद्धा नाही."

"बघा जाऊबाई," धाकटी म्हणाली, "आपलं काहीच नाही."

चहा झाला. टेबलक्लॉथ पांढराशुभ्र होता आणि मॅडमची कोपरं चिखलाची. थोरलीने तिकडे न बघण्याचा आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रयत्न केला. मॅडमनी बरणीवर चिकटवायला कागद काढला. "ही विहीर कोणाची लिहू?"

थोरलीने कपात बघितलं. ठरलं होतं ते ठरलं होतं.

"विहीर माझी," धाकटी म्हणाली. जरा थांबली. "चादर यांची. पोरगी दोघींची. तेवढ्या कागदावर मावतं ते लिहा."

मग मॅडम थोरलीकडे वळल्या. टिटवीचा विषय पक्का, असं त्या म्हणाल्या. पण एक अडचण होती. पुढचं वर्षभर टिटवी दोन्ही विहिरी बघणार. धुतलेल्या विहिरीत मासे परत येतात का, आले तर कुठल्या वाटेने, हे कळणं फार मोलाचं. म्हणजे थोरलीच्या विहिरीत आता पावडर पडता कामा नये. अजिबात. "तुमच्या लाँड्रीला जमेल का, आजी?"

टिटवी जमिनीकडे बघू लागली. तिला माहीत होतं. विहिरीत पावडर नाही म्हणजे रोज पाणी उपसून हौदात साठवायचं, निवळू द्यायचं, पावडर तिथे, मग दुसऱ्या हौदात विसळायचं. दुप्पट काम. आणि एवढं करून चादर कुठे जरा मंद दिसलीच, तर म्हातारी तोंडाने बोलणार नाही, पण ते तिच्या जिवाला लागणार.

"जमेल का, हे पुरुषांना विचारतात," थोरली म्हणाली. "आम्हाला नुसतं सांगतात."

दुसऱ्या सकाळी इस्त्रीवाला पावडरीचा डबा घेऊन विहिरीकडे निघाला. काल शेजारी जो गाळ वर आला तो खालच्या वाटेने इकडेही आला असणार, पाणी साफ करायला हवं, एवढा त्याचा साधा हिशेब. थोरलीने त्याला वाटेतच अडवलं.

"कुठे?"

"विहिरीत टाकतो."

"आजपासून हौदात टाकायची. विहिरीत बिऱ्हाड परत यायचंय."

"कोणाचं?" इस्त्रीवाल्याने विहिरीत डोकावून पाहिलं. खाली पाणी होतं आणि काळोख होता. "दिसत तर कोणी नाही, बाई. आणि त्यांना तरी काय दिसतंय? फुकट राहतात ना खाली?"

"तू माझ्या मागच्या खोलीत राहतोस," थोरली म्हणाली. "तुला कधी भाडं विचारलं का मी? चल, हौद भर."